मंथराबाई

मुलं शिक्षिकेला नावं ठेवतात यात नवीन काही नाही. शाळेत असताना आम्हीही ठेवली होती, आणि ती इथं छापण्यासारखी नाहीत! पण आपल्यावर पाळी आली की कसं वाटतं ते गेल्या सोमवारी कळलं.

मी दुपारच्या सत्रात मराठीचे तास घेते. आठवीच्या वर्गात शिरले तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘मंथराबाई’. आदल्या आठवड्यात शुद्धलेखनाच्या वह्या पुन्हा लिहायला लावल्या होत्या, त्याची ही परतफेड. ‘थ’ची गाठ पाहूनच अक्षर कुणाचं ते ओळखलं. काही न बोलता फळा पुसला नि धडा सुरू केला. घरी येऊन मेथी निवडायला बसले तेव्हा मात्र डोळे भरून आलेच. ऐन पस्तिशीत मंथरा?

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं. तेव्हा ही मुलं अगदी लहान, आजी-आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसलेली. 1987 सालची ती मंथरा अशी त्यांच्या ओळखीची झाली.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, मंथरा म्हणजे ललिता पवार. त्या बाईचं काम नुसतं मंथरेपुरतं पाहिलंयस म्हणून तुला रडू येतंय.” सासूबाईंचं माहेर येवल्याजवळचं. ललिताबाई जन्मल्या त्याही येवल्यातच, 1916 साली. मूळ नाव अंबा. पैठण्यांच्या गावची ही मुलगी मूकपटांच्या काळात, बारा-एक वर्षांची असल्यापासून कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. गणपतराव पवारांशी लग्न झाल्यावर पवार झाली. पुढे ती चक्क नायिका होती बरं का! आणि नुसती नायिका नव्हे, 1932 साली ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीतही तिचा वाटा होता. विशीही न गाठलेल्या मुलीनं! माझा तर आधी विश्वासच बसेना.

मग 1942 साल उजाडलं. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी तिला थोबाडीत मारायची असा प्रसंग होता. मारायचं खोटं, पण हात खराच बसला, आणि तोही जोरात. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार खूप चालले, पण तो डोळा कायमचा बारीक राहिला. पंचविशीतल्या नायिकेचा चेहराच गेला म्हणजे काय राहिलं? दुसरी एखादी घरी बसली असती. आपल्यापैकी कितीजणी याहून क्षुल्लक कारणासाठी घरी बसलेल्या आहेत, ते आपलं आपल्याला ठाऊक.

ललिताबाई 1944 साली ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’त आनंदीबाई होऊन आल्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई! तिथून पुढे कजाग सासू, खाष्ट आत्या, कटकारस्थानी बाई, हे सगळं त्यांच्याच वाट्याला. शांतारामबापूंच्या ‘दहेज’मध्ये (1950) हुंड्यासाठी सुनेचा जीव नकोसा करणारी सासू त्याच. ‘जंगली’त (1961) घरात हसण्यावर बंदी घालणारी आई त्याच. गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस 55’मध्ये बायकांच्या हक्कांसाठी भांडणारी आत्याही त्याच. या चित्रपटाशी मात्र माझं भांडण आहे. घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या बाईची टर उडवायची आणि त्यासाठी ललिता पवारांना पुढे करायचं, हे काही मला पटत नाही. बाई काम मात्र झकास करतात.

शनिवारी रात्री जेवणं लवकर उरकली. ह्यांना क्रिकेटवरून उठवलं आणि आम्ही दोघींनी ‘अनाडी’ लावला. हृषिकेश मुखर्जींचा, 1959 चा. त्यात ललिताबाई घरमालकीण मिसेस डिसा आहेत. तोंड फटकळ, पोटात माया. राज कपूरवर खेकसतात आणि त्याच्या जेवणाची काळजीही करतात. शेवटी ज्या कंपनीत हा नोकरीला, तिच्याच भेसळीच्या औषधानं त्या जातात. मी पदरानं डोळे पुसत होते आणि मनात म्हणत होते, डोळा तर तोच आहे! लोक म्हणतात, त्या बारीक डोळ्यामुळेच बाई खलनायिका झाल्या. असेलही. पण तोच डोळा इथं आईचा दिसतो ना? म्हणजे डोळा कारण झाला, काम बाईंनी केलं. या भूमिकेला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं ते काही उगाच नाही.

रविवारी ‘प्रोफेसर’ (1962) पाहिला. त्यातली कडक आत्या भाच्यांना शिकवायला म्हातारा मास्तर ठेवते. तो असतो वेष बदललेला शम्मी कपूर, आणि ही बाई त्या म्हाताऱ्याच्याच प्रेमात पडते. आम्ही हसून हसून लोळलो. पण ती लाजते ना, तिथं हसू जरा घशात अडकतं. आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावत बसलेल्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर दिसून जातं. दिग्दर्शकानं ते सांगितलं होतं की बाईंनी पदरचं घातलं, कोण जाणे.

चहा टाकताना सासूबाई सांगू लागल्या. त्यांचं लग्न 1979 चं. दुसऱ्या वर्षी गावात ‘सौ दिन सास के’ लागला. देवळात जाते असं सासूला सांगून शेजारणींबरोबर त्या दुपारचा खेळ पाहायला गेल्या. पडद्यावर ललिता पवार सुनेला छळू लागल्या की थिएटरातल्या बायका मोठमोठ्यानं शिव्या देत. धाकटी सून, म्हणजे रीना रॉय, सासूला वठणीवर आणू लागली तेव्हा तर टाळ्यांचा कडकडाट. “आणि मग?” मी विचारलं. “मग काय, घरी येऊन परत मान खाली. सासूनं विचारलं, देवळात एवढा वेळ? म्हटलं, गर्दी होती.”

थोडा वेळ दोघीही गप्प. मग त्याच पुन्हा म्हणाल्या, “तू या घरात आलीस ना, तेव्हा मला त्या टाळ्या आठवायच्या. म्हटलं, आता त्या खुर्चीत माझी सून बसलीय आणि पडद्यावर मी. म्हणून वर्षभर तुला काही बोललेच नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तरी नाही.”

काय सांगू तुम्हांला! ते अख्खं वर्ष मी समजत होते की सासूबाईंना मी पसंत नाही. बोलत नाहीत, सुचवत नाहीत, चुकलं तर सांगत नाहीत. रात्री ह्यांच्याजवळ रडायची मी. आणि आमटी खरंच खारट व्हायची. आमच्या माहेरी मीठ जास्तच खातात.

सोमवारी आठवीवर गेले. धडा बाजूला ठेवला आणि विचारलं, “मंथरेचं काम करणाऱ्या बाईंचं नाव काय?” एकालाही येईना. मग येवल्यापासून सगळं सांगितलं. ती थप्पड, तो डोळा, मिसेस डिसा आणि 1998 साली पुण्यात औंधला झालेला शेवट, सगळं. वर्ग इतका शांत मी व्याकरणाच्या तासाला कधी पाहिला नाही.

तो ‘थ’वाला मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता. शेवटी त्यानंच हात वर केला.

“बाई, त्या थोबाडीत मारणाऱ्याचं पुढं काय झालं?”

म्हटलं, “तो 1951 साली ‘अलबेला’त स्वतः हिरो झाला आणि असा काही नाचला की लोक अजून त्याच्यासारखं नाचतात.”

“काहीच शिक्षा नाही?” त्यानं विचारलं, आणि तेवढ्यात घंटा झाली.