आजींचा गळा आणि आवाजाची पेटी



मागच्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. वाचन संपले की महिला मंडळाच्या भगिनी एखाददुसरे गीत म्हणत. त्यात एक आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, परंतु जात्यावरच्या ओव्यांपासून जलशातल्या गाण्यांपर्यंत सारे तोंडपाठ. त्यांतली कित्येक गाणी आम्ही ना कोणत्या पुस्तकात वाचली होती, ना कोणत्या कॅसेटवर ऐकली होती. तरुण मुलांनी आग्रह धरला की आजींचा आवाज भरून ठेवू. वर्गणी काढली. खजिनदार म्हणून पैसे आमच्याकडे आले आणि खरेदीही आम्हीच केली. चूक झाली ती तिथेच.

बाजारात रंगीत दिव्यांची एक पेटी मिळते. एक बटण दाबले की टाळ्या वाजतात, दुसरे दाबले की हशा पिकतो. मोबाईलवरून थेट कार्यक्रम करणाऱ्यांसाठी ती असते. ‘साउंड कार्ड’ असेच तिचे नाव सांगतात. दीड हजारात काम झाले म्हणून आम्ही खुशीत होतो. एका दुपारी आजींची अकरा गाणी भरली. त्या पेटीतला इको चालू होता, हे आमच्या ध्यानातच आले नाही. घरी येऊन ऐकले तर प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडलेली. गावांची नावे, माणसांची नावे काही केल्या कळेनात. एका जाणकार दादांना दाखवले. ते म्हणाले, “भाजीत पडलेले मीठ परत काढता येते का? तसेच हे आहे.”

थंडीत पुन्हा भरू असे ठरवले. डिसेंबरात चैत्यभूमीवरून परतलो तेव्हा आजी गेल्याचे कळले. अकरांपैकी चारच गाणी नीट समजतात. स्वस्त आणि किफायतशीर यांतला फरक आम्ही बी.कॉम.ला शिकलो होतो, बाजारात विसरलो. तुमच्या वस्तीत असे होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

साउंड कार्ड म्हणजे काय? माइकमधून येणारी विजेची बारीक लहर मोजून तिचे आकडे करणारे यंत्र. सीडीच्या दर्जासाठी ही लहर एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतात. पूर्वी हे कार्ड संगणकाच्या पोटात बसवत. आता यूएसबी वायरने बाहेरून जोडायची छोटी पेटी मिळते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. दुकानात हेच नाव सांगा.

घेताना काय पाहावे, ते आमच्या ठेच लागलेल्या अनुभवावरून सांगतो.

पहिली गोष्ट, तीन पिनांच्या माइकची जागा आहे का ते पाहा. विहाराच्या लाउडस्पीकरच्या संचात बहुधा डायनॅमिक माइक असतो. तोच चालतो, नवा घ्यायची गरज नाही. मात्र त्याच्या वायरच्या टोकाला पुष्कळदा एकच जाड पिन असते. ती खोचली तर अनेक पेट्या त्याला माइक न समजता वाद्य समजतात आणि आवाज अगदी बारीक येतो. दोन्ही टोकांना तीन पिना असलेली वायर घ्यावी. कंडेन्सर माइक असेल तरच पेटीवर ४८ व्होल्टचे, म्हणजे फँटम पॉवरचे, बटण लागते.

दुसरी, माइक किती लागणार? एकटा गाणारा असेल तर एका माइकची पेटी पुरते. सोबत पेटी-ढोलकी असेल तर दोन माइकची घ्यावी. गळा आणि वाद्य वेगवेगळे भरले जातात, त्यामुळे ढोलकी वरचढ झाली तर नंतर कमी करता येते. बेहरिंजरच्या यूएमसी २२ मध्ये एका माइकची सोय आहे, यूएमसी २०२ एचडीमध्ये दोन माइकची. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोमध्येही एकच माइक लागतो. भाव बदलत असतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारूनच पावती फाडावी. पावती जरूर घ्यावी; वर्गणीचा पैसा आहे.

तिसरी, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज पेटीतूनच थेट ऐकू येण्याची सोय हवी. तो संगणकातून फिरून आला तर किंचित उशिरा येतो आणि गाणारा ताल चुकतो.

चौथी, १९२ किलोहर्ट्झ वगैरे मोठ्या आकड्यांना भुलू नका. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ आपल्या कामाला भरपूर झाले. दोन माइकचे एक तासाचे भरणे यात साधारण एक जीबी जागा घेते. संगणकावर ऑडॅसिटी हा प्रोग्राम फुकट मिळतो.

राहिली खोली. महागड्या पेटीपेक्षा दोन गोधड्या अधिक उपयोगी पडतात. पत्र्याच्या आणि सिमेंटच्या भिंतींवरून आवाज उलटतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूला दोरीवर गोधड्या टाकाव्यात. पंखा बंद, शेजारच्या ताईंना सांगून कुकरही अर्धा तास बंद. लॅपटॉपचा चार्जर लावला की कधी कधी घूंऽऽ असा आवाज येतो. तेव्हा चार्जर काढून बॅटरीवर भरावे. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही मोडू नये. पेटीवरचा लाल दिवा सर्वांत उंच सुरालाही लागता कामा नये. आणि इको बंद! तो हवाच असेल तर नंतर कधीही घालता येतो.

घरी जुन्या कॅसेट असतील तर त्याही याच पेटीतून उतरवता येतात. टेपची वायर माइकच्या नव्हे, तर लाइनच्या जागी लावावी.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बुद्धवचनसुद्धा भिक्खूसंघाने शेकडो वर्षे कंठात जपले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत ते लिहून काढले गेले, म्हणून आज आपल्यापर्यंत आले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरले, लोकांनी त्यांची गाणी गळ्यात साठवली. गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात जाऊन आपल्या मायबहिणींनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. आपल्या वस्तीत असे कोणी येईल, याची वाट किती दिवस पाहायची?

भरताना सुरुवातीला गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि गीत कोणाचे ते बोलून घ्यावे. मूळ फाइल वेव्हमध्ये तीन ठिकाणी ठेवावी, मोबाईलवर पाठवायला एमपी-३ची वेगळी प्रत करावी. गाणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी. कवीचा हक्क त्यांच्या निधनानंतरही ६० वर्षे राहतो. आठवणीसाठी भरणे वेगळे आणि विकणे वेगळे, हे तरुणांना समजावून सांगावे.

यंदा आम्ही पुन्हा वर्गणी मागितली. लोकांनी आधी मागचा हिशेब विचारला, आणि ते योग्यच होते. दीड हजार वाया गेले हे आम्ही विहारात उभे राहून सांगितले. मग पैसे जमले, दोन माइकची पेटी आली. पहिल्यांदा आजींच्या सूनबाईंना बसवले. आजींची तीन गाणी त्यांना येतात. चालीत फरक पडलाय, असे त्या स्वतःच म्हणाल्या. तरी शब्द मिळाले. उरलेली चार गाणी कोणालाच येत नाहीत.

म्हणून शेवटचे सांगणे. पैसे जमतील तेव्हा पेटी घ्या, पण पेटीसाठी थांबू नका. घरात म्हातारे माणूस गात असेल तर मोबाईल विमान मोडवर टाका, वीतभर अंतरावर ठेवा आणि आज संध्याकाळीच भरून घ्या.

जय भीम!