पावतीपुस्तक आणि पाकीट

वाशिम जिल्हा परिषदेच्या ५२ जागांसाठी जानेवारी २०२० मध्ये मतदान झाले. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही असा निर्णय दिला आणि त्यांपैकी १४ जागांसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा मतदान घ्यावे लागले. त्या निर्णयाची चर्चा पुष्कळ झाली. पण पावणेदोन वर्षांत दोनदा निवडणूक लढवायची तर पैसा कोठून आणावयाचा, हे फारसे कोणी विचारले नाही. ज्याच्या घरी ठेकेदारी किंवा अडत आहे त्याला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. चार एकर कोरडवाहूत सोयाबीन-तूर घेणाऱ्या कार्यकर्त्याला मात्र दुसऱ्या वेळी उमेदवारी नाकारण्यासाठी कोणाचा विरोध लागत नाही. छापखान्याचे जुने बिल पुरते.

वाशिम-पुसद रस्त्यावरील अनसिंगसारख्या गावी पक्षसमितीचा प्रचारखर्च म्हणजे जीपचे डिझेल, ध्वनिक्षेपकाचे भाडे, पत्रके, कार्यकर्त्यांचे चहा-जेवण आणि मतदानाच्या दिवशी बूथवरील मंडळींची सोय. एकेक बाब किरकोळ असते. जीपवाला म्हणतो, ‘पैशाचं मागाहून पाहू.’ अर्थशास्त्राच्या भाषेत ही देणगी नव्हे, मुदत न ठरविलेले कर्ज आहे, आणि त्याची फेड उमेदवार नव्हे तर रस्त्याच्या कामातील कमी पडलेली खडी करते. समितीच्या वहीत या जीपची नोंद नसते, कारण तिच्यासाठी पैसा दिलेलाच नसतो.

कायद्यानेही ही वही कोरी राहू दिली. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला. त्याच वर्षी कायदा बदलून तो वगळण्यात आला. उमेदवाराला मर्यादा आणि पक्षाला मोकळीक, ही विसंगती तेव्हापासूनची. १९६९ मध्ये बंद झालेल्या कंपन्यांच्या देणग्या १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. २०१८ मध्ये आलेले निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले, हे योग्यच झाले. परंतु दिल्लीतील रोखे गेल्याने तालुक्यातील पाकीट जात नाही. देणगीदारांची जी यादी पक्षाला सादर करावी लागते ती वीस हजारांवरील देणग्यांची, आणि गावपातळीवरचे मिंधेपण त्याहून पुष्कळ स्वस्तात विकत मिळते.

१९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने चार आण्यांचे सभासदत्व स्वीकारले आणि पुढच्या वर्षी टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमले. त्यातही मोठा वाटा मुंबईने उचलला होता, हे विसरून लोकवर्गणीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. मात्र शंभर शेतकऱ्यांचे पन्नास-पन्नास रुपये आणि एका ठेकेदाराचे पाच हजार हे बेरजेत सारखे असले तरी राजकारणात सारखे नसतात. शंभर जण हिशेब मागतात. एकटा काम मागतो.

कार्यकर्ते म्हणतील, समोरचा पाण्यासारखा पैसा ओतत असताना पावत्या फाडून निवडणूक जिंकता येत नाही. पुष्कळदा येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण उसन्या जीपवर निवडून आलेला सदस्य सभागृहात कोणाच्या बाजूने हात वर करतो, हेही कार्यकर्त्यांनी पाहिलेले आहे.

अनसिंगच्या समितीला, आणि कोणत्याही गावच्या समितीला, यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. वर्गणी निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, तर सोयाबीन बाजारात गेल्यावर, दरवर्षी गोळा करावी. एका माणसाकडून किती घ्यावयाचे याची कमाल रक्कम ठरावाने बांधावी. जिल्हा परिषदेची कामे घेणाऱ्याचा पैसा नाकारावा, मग तो जुना सभासद का असेना. जमाखर्च गावातील जाहीर सभेत वाचावा, आणि फुकट मिळालेली जीप चालू भाड्याने जमेतही लिहावी, खर्चातही.