हौदातले मासे घरात आणताना

कांदिवलीची थंडी ती केवढी, असे कोणी म्हणेल. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, पण तसा हिवाळा काही दरवर्षी येत नाही. तरी पूर्वेकडे, नॅशनल पार्कच्या डोंगराला लागून असलेल्या वस्त्यांत फजरच्या वेळी शाल घ्यावीशी वाटतेच. मग गच्चीवरच्या किंवा दारापुढच्या हौदातले मासे काढून घरातल्या काचेच्या टाकीत आणले जातात आणि आठ-दहा दिवसांत एकेक मासा पाण्यावर तरंगू लागतो. मुले रडतात, मोठी माणसे म्हणतात, थंडी बाधली. आमच्या मते थंडीवरचा हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो.

आधी मासा कोणता ते पाहावे. गोल्डफिश मूळचा चीनमधला, थंड पाण्याचा मासा. आपल्या हिवाळ्यात त्याला हीटरची गरज नाही. गप्पी (डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका पाण्यात सोडते तोच) आणि फायटर यांना मात्र २४ ते २६ अंशांचे पाणी मानवते. त्यांच्यासाठी लिटरमागे साधारण एक वॅट या हिशोबाने हीटर घ्यावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. मुलांना हे दोनदा बजावावे. कोई मासा दोन फुटांपर्यंत वाढतो. त्याला घरातल्या टाकीत कोंडूच नये, हौदातच राहू द्यावे.

खरा घात नवी कोरी टाकी करते. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. हौदात दगडांवर, भिंतींवर बसलेले सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. बाजारातून आणून धुऊन पुसून ठेवलेल्या टाकीत हे जिवाणू नसतात आणि ते जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आपल्याच विषात पोहत असतात. पाणी मात्र दिसायला काचेसारखे स्वच्छ! म्हणून हौदातला शेवाळलेला एखादा दगड किंवा फिल्टरचा जुना स्पंज न धुता नव्या टाकीत आणावा. आमच्या मते महागड्या औषधांच्या बाटल्यांपेक्षा हा बुळबुळीत दगड मोलाचा आहे.

त्यात भर पडते ती आपल्या मायेची. पाहुणा आला की आपण आग्रहाने वाढतो, तसेच माशांनाही वाढतो. पण माशाचे रक्त थंड. पाणी गार झाले की त्याचे पचनही मंदावते आणि उरलेले खाणे तळाशी कुजते. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. घरातल्या एकाच माणसाकडे हे काम द्यावे, नाहीतर अम्मी, दादी आणि मुले मिळून तीनदा जेवण घालतात.

टाकी पूर्ण रिकामी करून घासू नये. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवावे. गच्चीवरच्या टाकीचे सकाळचे पाणी फार गार असते, तेव्हा हे काम जोहरनंतर करावे. माशाला कायमच्या गारव्यापेक्षा अचानक झालेला फरक जास्त बाधतो. हौदातून आणलेली पिशवीही पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून, थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात मिसळून मगच मासे सोडावेत.

अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले आणि मासा दगडाला अंग घासू लागला, तर तो परजीवी जंतूचा रोग आहे. गोल्डफिशसाठी लिटरला दोन ग्रॅम खडे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून, एक-दोन दिवसांत हप्त्याहप्त्याने टाकीत घालावे. ठिपके गेले म्हणून लगेच थांबू नये. जंतूची पिल्ले तळाशी तयार होत असतात, दोन आठवडे धीर धरावा. मीठ झाडांना सोसत नाही, ती आधी काढून ठेवावीत.

गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवणाऱ्यांना आम्ही काय सांगावे? एका माशाला चाळीस लिटर पाणी तरी हवे. तेवढी जागा नसेल, तर मासे हौदातच ठेवून रात्री वर फळी टाकलेली बरी, हवेला फट सोडून.

फेब्रुवारीच्या मध्यावर मासे परत बाहेर नेता येतात. त्याआधी हौदावर अर्धी सावली करून घ्यावी. महिना सरता सरता कांदिवलीत दुपारचे ऊन भाजू लागते.