वैशाखातला मोगरा

गोवा-कोकणातून गाणगापूरला जाणारा दत्तभक्त मे महिन्यात कलबुर्गी जिल्ह्यात उतरतो, तेव्हा भीमाकाठची भेगाळलेली काळी जमीन पाहून येथे फूल कसले फुलणार, असे त्याला वाटल्यास नवल नाही. प्रत्यक्षात कलबुर्गीच्या या काळ्या मातीत काय किंवा बीदरच्या तांबड्या जांभ्यावर काय, पारा 40 अंशांपुढे गेलेला असतानाच परसापरसांतून मोगरा बहरास येतो, कण्हेर आणि तगर फुलते, कुंपणावर बोगनवेल पेटते. मराठी घरातला मोगरा शेजारच्या कन्नड घरात मल्लिगे होतो, इतकेच. 1956 साली हैदराबाद राज्याची तीन राज्यांत वाटणी झाली. गजऱ्याची मात्र कोणाला करता आली नाही.

हा बहर मुबलक पाण्याचा नव्हे. मोगऱ्याचे पाणी थंडीत तोडावे लागते, छाटणी करून झाडाला विश्रांती द्यावी लागते. मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू केले, की चैत्र-वैशाखात कळ्या धरतात. ज्याचे आळे बारमाही ओले, त्याच्या वाट्याला पालाच फार. बोगनवेलीचेही तेच. (तिचे आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पाने होत, खरे फूल त्यांच्या पोटी, इवलेसे.) पाणी किती दिले यापेक्षा केव्हा दिले, हे तेथील गृहिणीला ठाऊक असते.

तेथील राज्यकर्त्यांनाही ते एके काळी ठाऊक होते. बहमनींची राजधानी कलबुर्गीहून बीदरला गेल्यावर 15व्या शतकात तेथे करेझ खोदले गेले. जांभ्यात मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यातून, उन्हाला न दाखविता, उताराने वस्तीपर्यंत आणण्याची ही इराणी युक्ती. पुढे हे बोगदे गाळाने भरले. आणि बीदरला लागून असलेल्या लातुरास एप्रिल 2016मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले!

टंचाई आली की पहिली गदा बागांवर येते. कारंजी व हिरवळी बंद झाल्याच पाहिजेत. परंतु तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्यावर जगणारा परसातला मोगरा त्याच चैनीच्या यादीत घालणे हा अविचार होय. दिवसभर तापलेल्या घराला संध्याकाळी तेवढाच एक विसावा असतो.

आमच्या गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. बीदर-कलबुर्गीत त्याचा तिसरा हिस्साही नाही. तरीही मे महिन्यात टँकरची वाट पाहणारी गावे आमच्याकडे आहेत, आणि त्याच दिवसांत नव्या बंगल्यांपुढे अबोली-मोगरा उपटून अंथरलेली हिरवळ नळाच्या पाण्यावर पोसली जाते. अशा हिरवळीच्या पाण्यास शासनाने वेगळा, चढा दर लावावा, आणि त्या पैशातून पंचायतींना पावसाळ्यापूर्वी गावच्या विहिरींतला गाळ उपसण्यास साहाय्य द्यावे.