अष्टमीला उधाण?

गोष्ट काही वर्षांपूर्वीची, पण अजून टोचते. एप्रिल महिना. वारा नाही, पाऊस नाही, आभाळ स्वच्छ. पहाटे अचानक पाणी पुळणीवर चढलं आणि वर ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी घेऊन गेलं. मी धावत गेलो, फोटो काढले, बातमी दिली : 'समुद्राला उधाण, मच्छीमारांचं नुकसान'. मथळा झकास जमला असं मलाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी बंदरावर एका म्हाताऱ्या तांडेलानं पेपर माझ्यापुढे धरला. "रे झिला, काल अष्टमी होती. अष्टमीक उधाण खयसून इला?"

मी गप्प. उधाण येतं पुनवेला आणि अवसेला. अष्टमीच्या आसपास असतो तो भांग. तेव्हा भरती फार चढत नाही आणि सुकतीही फार उतरत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. हे गणित आमच्याकडे शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा तोंडी करते. भांगाची भरती तिथवर येत नाही म्हणूनच तर होड्या तिथे ठेवल्या होत्या! "वारो नाय, कायव नाय. पाणी खालसून फुगान इला," तात्या म्हणाले. डिप्लोमात मला मथळा किती शब्दांचा असावा ते शिकवलं, भांग कुणी शिकवला नाही. आणि मीही विचारला नाही.

एक शब्द चुकला तर बिघडलं काय, असं वाटेल. बिघडलं. भरपाई मागायला लोक गेले तेव्हा साहेबांनी माझ्याच बातमीचं कात्रण पुढे केलं. "उधाण तर दर पंधरा दिवसांनी येतं. यात आपत्ती कसली?" लोक हात हलवत परत आले. त्या कात्रणावर माझं नाव होतं.

त्या पहाटे जे झालं त्याला केरळच्या मच्छीमारांकडे नाव आहे : कल्लक्कडल. म्हणजे चोर समुद्र. दूर दक्षिणेला हिंदी महासागरात वादळ होतं, तिथल्या लांबच लांब लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येतात. इथे वाऱ्याची झुळूकही नसते. हा शब्द कुठल्या प्राध्यापकानं बनवलेला नाही, तो किनाऱ्यावरच्या माणसांचा आहे. पण हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेनं तो उचलला आणि आज अधिकृत इशाऱ्यांत तो छापून येतो. मच्छीमाराला वाचताक्षणी कळतं की होडी आणखी वर घ्यायची.

आणि आपल्याकडे? मोबाइलवर इशारा येतो : वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर. तात्यांना वाचून दाखवला तर म्हणतात, "वारो खयचो ता सांग. माका काय मोटारसायकल चलवूची आसा?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे. मतलई वारा होडीला बाहेर ढकलतो, खारा वारा घराकडे आणतो. समुद्रातल्या माणसाला वेगाइतकीच दिशा लागते. खोली तो वावात मोजतो, दिवस तिथीनं. आपण त्याच्याशी बोलतो ते त्याची भाषा सोडून सगळ्या भाषांत. ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ आलं, त्यात कोकणातले मच्छीमार गेले. निदान त्यानंतर तरी इशारा कुणासाठी लिहायचा हे आपल्याला कळायला हवं होतं.

आम्ही पत्रकारही तसेच. आमच्या लेखी समुद्र एक तर अथांग, नाही तर रौद्र. होडी, पात, मचवा सगळी 'बोट'. किनाऱ्यावरून अख्खी वाडी मिळून ओढते ती रापण, आणि खोल पाण्यात अख्खा थवा घेरून उचलते ते पर्ससीन. हा फरक न सांगता आम्ही 'मच्छीमारांचे दोन गट भिडले' असं छापतो. मग वाचणाऱ्याला वाटतं, दारू पिऊन भांडले असतील. भांडण कुणाच्या पोटाचं आहे ते त्या मथळ्याखाली गाडलं जातं.

म्हणून दोन मागण्या. प्रशासनानं किनाऱ्याच्या इशाऱ्यात वाऱ्याची दिशा आणि तिथी घालावी, आणि पाठवण्याआधी तो दोन तांडेलांना वाचून दाखवावा. खर्च शून्य. दुसरी मागणी आपल्यासाठी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तांडेल घरी असतात. कॉलेजच्या मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावं आणि वारा, पाणी, जाळी, मासे यांचे शब्द लिहून घ्यावेत. त्यांची मुलं मुंबईला नोकरीला गेली. वहीत उतरले नाहीत तर हे शब्द त्यांच्याबरोबरच जातील.

मी सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय : भांग.

तुमच्या गावात त्या फुगून येणाऱ्या पाण्याला काय म्हणतात? कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट. आणि माहीत नसेल तर आज घरी जाऊन आजोबांना विचारा.