श्रमदान तरुणांचे, अधिकार कोणाचा?

पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रात दरवर्षी एक सोहळा पार पडतो. गावोगावची तरुण मंडळे माळरानावर जमतात, खड्डे खणतात, रोपे लावतात. कोणीतरी पुढारी येऊन एका रोपाला पाणी घालतो, छायाचित्र निघते आणि 'पर्यावरणाचे रक्षण तरुणांच्या हाती' असे वाक्य भाषणात हमखास येते. ह्या वाक्याची उलटतपासणी फारसे कोणी करीत नाही. तरुणांच्या हाती नेमके काय दिलेले असते? कुदळ दिलेली असते, रोप दिलेले असते, प्रसंगी प्रशस्तिपत्रही दिलेले असते. परंतु ज्या पाण्याने ते रोप जगायचे त्या पाण्याचे वाटप, ज्या जमिनीवर ते लावले तिचा वापर आणि ज्या जंगलाची ती नक्कल आहे त्या जंगलाचा कारभार ह्यांपैकी कशावरही त्यांचा अधिकार नसतो. श्रम तरुणांचे आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी ही विभागणी आहे. समाजवादी विचारांच्या माणसाला ती ओळखीची वाटली पाहिजे, कारण गिरणीत आणि शेतातही ती अशीच असते.

ही विभागणी मोडण्याचा प्रयत्न तरुणांनी केला की काय होते, ह्याचे उदाहरण २०१९ सालात सापडते. त्या वर्षी राज्य सरकारने ३३ कोटी वृक्ष लावण्याचा संकल्प सोडला होता आणि त्यासाठी तरुणांना आवाहनांमागून आवाहने चालली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी मुंबईतील आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीत झाडे तोडण्यास सुरुवात झाली. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. ती वाचवण्यासाठी धावलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली आणि त्यांत विद्यार्थीही होते. झाड लावणारा तरुण आदर्श नागरिक ठरतो आणि तोडले जाणारे झाड कोणाच्या हुकमाने पडते असे विचारणारा तरुण गुन्हेगार ठरतो. सत्तेला तरुणांचे हात हवे असतात, त्यांचे प्रश्न नको असतात.

ह्याचा अर्थ श्रमदान त्याज्य आहे असा मुळीच नाही. महाराष्ट्रातील समाजवादी चळवळ श्रमदानाच्या शिबिरांतूनच वाढली. १९४१ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने पिढ्यांमागून पिढ्यांच्या हाती कुदळ-फावडे दिले. पण त्या शिबिरात फावड्याबरोबर प्रश्नही हाती येत असे. १९७० च्या दशकात बाबा आढाव ह्यांच्या पुढाकाराने 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम गावोगाव फिरली, तेव्हा तिच्यातील तरुणांनी विहिरीला पाणी किती आहे एवढेच विचारले नाही. त्या पाण्याला हात कोण लावू शकतो आणि कोण लावू शकत नाही, हे त्यांनी विचारले. पाण्याचा प्रश्न हा माणसामाणसांतील नात्याचा प्रश्न आहे, हे त्या मोहिमेने शिकवले. सांप्रतच्या वृक्षारोपणाच्या उत्सवातून नेमका हाच धडा गळाला आहे.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ ह्या गावाचे नाव ह्या संदर्भात घ्यावेच लागते. १९०८ साली ह्या गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात बाबू गेनू ह्यांचा जन्म झाला. पोट भरण्यासाठी मुंबईची वाट धरून ते गिरणी कामगार झाले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाने भरलेल्या मोटारीसमोर आडवे होऊन हुतात्मा झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना कोणी उद्घाटनास बोलावले नव्हते किंवा कोणी त्यांच्या हाती प्रशस्तिपत्र ठेवले नव्हते. देशाच्या बाजारात काय यावे आणि काय येऊ नये हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, असे एका अल्पशिक्षित कामगाराने त्या दिवशी कृतीने सांगितले. स्वदेशीचा गाभा हाच आहे. आपल्या साधनांवर आपली सत्ता असावी, ही ती मागणी होती.

ह्याच तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि त्याच्या जलाशयाला 'हुतात्मा बाबू गेनू सागर' असे नाव देण्यात आले. नाव यथोचित आहे, पण ह्या सागराची कहाणी पाहिली की मन अस्वस्थ होते. सुमारे १३ टीएमसी पाणी साठवणाऱ्या ह्या जलाशयाखाली महादेव कोळी आदिवासींच्या वाड्या-वस्त्या आणि भातखाचरे गेली. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही गेले. कुकडी प्रकल्पाचा भाग म्हणून हे पाणी कालव्यांनी पूर्वेच्या सपाटीवर, पुढे थेट अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांपर्यंत जाते. वर डोंगरात मात्र उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट चालू राहते. हुतात्म्याचे नाव जलाशयाला मिळाले, पण ज्यांची जमीन त्याच्या तळाशी गेली त्यांना पाण्यावरचा अधिकार मिळाला नाही.

तरीही ह्याच काठावर एक वेगळा धडा घडला आहे. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर ह्यांनी उभारलेल्या 'शाश्वत' ह्या संस्थेबरोबर येथील विस्थापितांनी आपला प्रश्न स्वतः हाती घेतला. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळाची जमीन कसण्याचा हक्क त्यांनी मागितला. जलाशयातील मासेमारी बाहेरच्या ठेकेदाराच्या हाती जाऊ नये म्हणून मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. डोंगरउतारावर बांध घालून भातखाचरे तयार करण्याचे काम 'पडकई'च्या रीतीने पुढे नेले गेले. २०१२ साली ह्या कार्याला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर पारितोषिक' मिळाले.

'पडकई' हा शब्द प्रत्येक कार्यकर्त्याने मनात जपून ठेवावा असा आहे. आज सर्वांनी मिळून एकाच्या शेतात राबायचे, उद्या दुसऱ्याच्या, परवा तिसऱ्याच्या, अशी ही आदिवासींची जुनी रीत आहे. तिच्यात श्रमाचे दान नसते, श्रमाची परतफेड असते. दिलेला दिवस परत मिळणार ह्याची हमी असते आणि कोणाच्या शेतात काय करायचे ते राबणारेच ठरवतात. श्रमदानाच्या सरकारी उत्सवात श्रम एका दिशेने जातात आणि परत येत नाहीत. तरुणांनी खणलेल्या चरात मुरलेले पाणी अखेर कोणाच्या विहिरीला लागते, ह्याचा हिशेब गावात कोणी मांडीत नाही. ज्याच्याकडे अधिक जमीन आणि अधिक अश्वशक्तीचा पंप, त्याच्याकडे ते जाते. अशा वेळी जलसंधारण म्हणजे भूमिहीनाच्या मुलाने घाम गाळून धनिकाची बागायत वाढवणे ठरते.

डोंगराशी चुकीचा व्यवहार झाला तर काय किंमत द्यावी लागते, हेही ह्याच तालुक्याने पाहिले आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे दगावली. त्यानंतर कारणांचा वाद झाला. कोणी अतिवृष्टीकडे व भूरचनेकडे बोट दाखवले, कोणी डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे. त्या वादाचा निकाल भूवैज्ञानिक लावोत, पण एक प्रश्न त्यापलीकडचा आहे. कोणत्या उतारावर यंत्र चढवावे आणि कोणता उतार तसाच राखावा, हे जर गावाने आपल्या सभेत ठरवायचे असेल, तर तेथील तरुणाला मातीचे, पाण्याचे आणि खडकाचे शास्त्र अवगत असले पाहिजे आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकारही असला पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी वृक्षारोपणाच्या एका रविवारात मिळत नाहीत.

कालव्याखालच्या सपाटीवरही चित्र फारसे निराळे नाही. धरणांचे पाणी आले तसा जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि उसाच्या दाट फडात बिबट्याने घर केले. त्याची झळ रात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला, मेंढपाळाला आणि शेतमजुराच्या मुलांना बसते. बिबट्या हा प्रश्न वनखात्याचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो पीकरचनेचा, पर्यायाने पाणीवाटपाचा प्रश्न आहे. कोणते पीक घ्यावे ह्यावर गावाचा निर्णय चालत नाही तोवर कितीही पिंजरे लावले तरी ते अपुरेच पडणार.

असा निर्णय चालवता येतो, ह्याचे पुरावे दूर शोधावे लागत नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्याच पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी 'पाणी पंचायत' उभी केली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, माणसांच्या प्रमाणात मिळेल: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा राहील. ऊस घेता येणार नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० च्या सुमारास गावातील तरुणांनी पोपटराव पवार ह्या उच्चशिक्षित तरुणाला सरपंचपदी बसवले. पुढे त्या गावाने शेतीसाठी कूपनलिका घेण्यास आणि ऊस लावण्यास मनाई केली. तेथेही चर खणले गेले आणि झाडेही लागली, पण पाण्याच्या वापरावर गावाने स्वतःचा नियम बसवला म्हणून खणलेले चर कामी आले.

'तरुणांच्या विधायक कामात राजकारण कशाला आणता?' असा आक्षेप ह्यावर घेतला जाईल. लहानशा कामातूनही मन घडते, हे खरे आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा बांधबंदिस्ती, पाझर तलाव, चर ही कामे मजुरीची आणि हक्काची कामे ठरली होती. दुष्काळात राबणाऱ्या लक्षावधी स्त्री-पुरुषांनी हा हक्क संघर्षाने मिळवला. तेच काम आज त्यांच्या नातवंडांनी फुकट करावे आणि टाळ्यांवर समाधान मानावे, ह्याला विधायकता म्हणायचे की राज्यसंस्थेने आपले कर्तव्य खांद्यावरून झटकणे म्हणायचे? राजकारण येथे आधीच आलेले आहे, ते फक्त एका बाजूचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावात तरुण उरलाच कोठे? बाबू गेनू मुंबईच्या गिरणीत गेले, आजचा तरुण चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून पाळीवर जातो. भीमाशंकरच्या जंगलात हिरडा गोळा करणाऱ्या कुटुंबांना २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात झालेल्या नुकसानीची भरपाई मिळवण्यासाठी दीर्घकाळ आंदोलन करावे लागले. अशा स्थितीत तेथील तरुणाला 'निसर्गाचे रक्षण कर' असे सांगणे हा क्रूर विनोद होय. निसर्गावर उपजीविका चालेल, तिला न्याय्य भाव मिळेल, तेव्हाच निसर्गाला राखणदार मिळेल. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाने हे सिद्ध केले. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क ग्रामसभेला मिळाला आणि पुढे आपला बांबू आपण विकण्याचा अधिकारही गावाने मिळवला. जंगल राखणे आणि जंगलावर जगणे ह्यांतील खोटा विरोध तेथे मिटला.

कायद्याची हत्यारे आज उपलब्ध आहेत. अठरा वर्षांवरील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद आहे. आंबेगाव व जुन्नरच्या आदिवासी पट्ट्याला १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव जैवविविधतेची नोंदवही व्हावयाची आहे. अनेक ठिकाणी ती कागदोपत्रीच उरली. आहुप्यासारख्या गावांनी पिढ्यान्पिढ्या राखलेल्या देवराया, त्यांतील वृक्ष, झरे आणि पाखरे ह्यांची नोंद त्या गावच्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांना विचारून केली, तर ती नोंदवही उद्या खाणीविरुद्ध किंवा रस्त्याविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहील.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. तरुण मंडळ झाडे लावीत असेल तर त्याच्याबरोबर खड्डे खणावेत, पण संध्याकाळी त्याच मंडळाबरोबर गावातील विहिरी, कूपनलिका आणि पंप ह्यांची यादी करावी आणि कोणाच्या वाट्याला किती पाणी येते ते फळ्यावर मांडावे. ती यादी ग्रामसभेत वाचली जाईल, असे पाहावे. सभेत मुलींना, भूमिहीनांना आणि दलित-आदिवासी तरुणांना बोलता येईल, ह्याची काळजी घ्यावी. पाणलोटाचे काम निघाले तर मजुरी आणि पाण्यातील वाटा ह्या दोन अटी कुदळ उचलण्यापूर्वी ठरवून घ्याव्यात. हे काम छायाचित्रात येण्याजोगे नाही आणि त्यात गावातील बड्या मंडळींचा रोष पत्करावा लागेल. परंतु बावीस वर्षांच्या एका गिरणी कामगाराचे नाव जलाशयाला द्यायचे आणि आजच्या बावीस वर्षांच्या तरुणाला त्या जलाशयाच्या पाण्याबद्दल चकार शब्द काढू द्यायचा नाही, ही विसंगती मोडायची असेल, तर ह्याच वाटेने जावे लागेल.