उपस्थाता आणि ड्यूटीचा तक्ता

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, औषध आणि रुग्ण यांच्या पंक्तीस उपस्थात्यालाही बसविले. उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच हे त्याचे गुण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. परंतु सलग दुसरी पाळी करणाऱ्या परिचारिकेकडून दक्षतेची अपेक्षा धरणे कितपत न्याय्य, हा प्रश्न आपल्या बैठकांत क्वचितच निघतो.

परभणी जिल्ह्यातील आपली रुग्णालये बहुधा लहान. तीन-चार परिचारिका आणि दोन मावशी एवढाच संसार. कोणी जिंतूरहून एस.टी.ने येते, कोणी पूर्णेहून रेल्वेने. गाडी चुकली की फोनवर अदलाबदल होते आणि भिंतीवरचा तक्ता होता तसाच राहतो.

आमच्याकडे असेच घडले. विरेचनाचा रुग्ण होता. वेग किती आले हे सायंकाळच्या परिचारिकेस ठाऊक होते. पण बस गाठण्याच्या घाईत ती नोंद न करताच निघून गेली. सकाळपासून राबणाऱ्या मावशींनी भुकेल्या रुग्णास पेयेऐवजी वरण-पोळी वाढली. रात्रभर पोटशूळ आणि उलट्या. रुग्ण सावरला, संसर्जनक्रम मात्र मोडला. दुसऱ्या दिवशी दोघींचे कडाक्याचे भांडण जुंपले. तक्ता पाहिला, तर त्यावर तिसरीचेच नाव! आणि त्या बदलास फोनवरून होकार दिला होता तो आम्हीच.

तेव्हापासून तोंडी अदलाबदल आम्ही मानीत नाही. बदल दोघींच्या सहीने तक्त्यावरच व्हावा, तक्ता आठवडाभर आधी लागावा, आणि रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून कामाची सोपवणूक झाल्याशिवाय कोणी जाऊ नये. दिवाळी-ईदच्या रात्रपाळ्या दरवर्षी एकीच्याच वाट्यास येणार नाहीत, हेही पाहावे. निम्मी भांडणे तिथूनच निघतात.

निवासी डॉक्टरांसाठी केंद्र शासनाने १९९२ साली सलग १२ तास आणि आठवड्यास ४८ तास अशी मर्यादा सुचविली. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये ८० तासांची मर्यादा घातली, तीही १९८४ साली एका तरुण रुग्णेचा मृत्यू झाल्यानंतर. आपल्याला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. जागरणानंतर सकाळी, जेवणापूर्वी, जागलेल्या वेळेच्या निम्मे झोपावे, असे वाग्भटांनी सांगून ठेवले आहे. रुग्णास हा सल्ला आपण आवर्जून देतो. रात्रपाळी संपविलेल्या परिचारिकेस मात्र ‘दुपारपर्यंत थांबतेस का’ असे विचारतो.

माणसे कमी आहेत, ही अडचण खरीच. पण मग खाटाही तितक्याच भराव्यात. येत्या वर्षाऋतूत बस्तीसाठी एका वेळी आठांऐवजी पाचच रुग्ण घेण्याचे आम्ही ठरविले आहे. उत्पन्न घटेल, हे जाणूनच.